बाळंतीण एकटी पडू नये: एका प्रसूती विभागाच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२४

आराखड्याचं काम ठरलं. बीड जिल्ह्यात, केज-अंबाजोगाईच्या पट्ट्यात, एका धर्मादाय संस्थेचं जुनं रुग्णालय आहे. त्याला लागून मोकळी जागा आहे, तिथं ४० खाटांचा नवा प्रसूती विभाग बांधायचाय. प्रसूतीकक्ष, सिझेरियनचं थिएटर, बाळंतिणींचा वॉर्ड, आजारी नवजात बाळांचा कक्ष, सगळं तळमजल्यावर. तळमजल्याचा आग्रह माझा. आग लागली किंवा जमीन हलली तर पोटावर टाके असलेली बाई जिना उतरू शकत नाही, आणि लिफ्टचा सगळा भरवसा विजेवर.

आज दिवसभर जुन्या विभागात बसले. कळा सुरू असलेली बाई एका खोलीत. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं की तिला उठवून दुसऱ्या खोलीतल्या टेबलावर चढवायचं. बाळ झालं की स्ट्रेचरवरून तिसऱ्या खोलीत. बाळाला श्वासाचा त्रास झाला तर ते वरच्या मजल्यावर. सोबत आलेली आई नाहीतर सासू जाळीच्या दाराबाहेर, व्हरांड्यात. सिस्टर मायेनं वागतात, डॉक्टर मॅडम रात्री दोनलाही धावत येतात. पण त्या जिच्यासाठी धावतात तिला ही इमारत सारखी एकटी पाडते.

वहीत तीन प्रश्न लिहून ठेवले. आराखड्यातली प्रत्येक रेघ त्यांना विचारून मारायची. बाई सोबतच्या माणसापासून तुटते का? बाळापासून तुटते का? सिस्टरच्या नजरेआड जाते का?

२ फेब्रुवारी २०२४

केंद्र सरकारची प्रसूतीकक्षांसाठीची २०१६ची मार्गदर्शिका आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाचे निकष पुन्हा वाचून काढले. आपलं रुग्णालय सरकारी नाही, पण मोजपट्टी म्हणून हेच धरायचं. त्यात जुन्या पद्धतीच्या प्रसूतीकक्षासोबत एलडीआरचा पर्याय दिलेला आहे: लेबर, डिलिव्हरी आणि रिकव्हरी एकाच जागी. बाई एका खाटेवर येते, तिथंच कळा सोसते, तिथंच बाळंत होते, नंतरचे काही तास तिथंच देखरेखीखाली राहते. खाट तीच, फक्त तिचा पायाकडचा भाग निघतो. कळांच्या ऐन भरात बाईला चालवत न्यायचा प्रकार यानं संपतो.

खाटा किती? संस्थेचा अंदाज, वर्षाला १,८०० बाया प्रसूतीकक्षात येतील. प्रत्येकीचे सरासरी १६ तास धरले तर कुठल्याही क्षणी सरासरी ३.३ बाया आत असतात. एक विश्वस्त म्हणाले, “मग चार खाटा बास की मॅडम.” सरासरीवर खाटा ठरवायच्या नसतात. बाळंतपणं रांग लावून येत नाहीत. एखादी रात्र रिकामी जाते आणि दुसऱ्या रात्री सहा जणी एकदम. संभाव्यतेच्या गणितानं चार खाटा जवळपास चौथा हिस्सा वेळ कमी पडतात. पाच खाटा साधारण १२ टक्के वेळ, सहा ५ टक्के, सात २ टक्के. जी आकड्यात बसत नाही ती बाई व्हरांड्यात बाळंत होते. म्हणून सहा एलडीआर, आणि संसर्ग असलेल्या बाईसाठी बाहेरून स्वतंत्र दार असलेली सातवी खोली. बैठकीत एवढंच गणित मांडलं आणि सात मंजूर झाल्या.

बाकीच्या ३३ खाटा: वॉर्डात २४, गंभीर बायांसाठी ३, आणि ६ आजारी किंवा कमी वजनाच्या बाळांच्या आयांसाठी. या सहांवर अजून वाद आहे.

२० फेब्रुवारी २०२४

गावातल्या एका म्हाताऱ्या सुईणीकडे गेले. आता ती बाळंतपणं करत नाही, पण तिचं बोलणं ऐकायला डॉक्टर मॅडमही सोबत आल्या. ती म्हणाली, “माळवदाच्या तुळईला दोर बांधायचो. बाईनं दोर धरायचा, उकिडवं बसायचं, मागून तिची माय पाठ धरायची. तुमच्यात उताणीच निजवायलेत. लेकरू काय वर चढायचंय का?”

डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत, मानेनं हो म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशीतही तेच आहे: कळांमध्ये बाईला हिंडू-फिरू द्यावं, बाळंत होताना कोणत्या स्थितीत राहायचं ते तिला निवडू द्यावं, आणि तिनं निवडलेलं माणूस सोबत असू द्यावं. सुईणीच्या घरी जे मातीत, अस्वच्छतेत होत होतं, ते परत आणायचं नाही. हात धुणं, निर्जंतुक ब्लेड, रक्त थांबवायचं इंजेक्शन, थिएटर, हे सगळं हवंच. पण दोर आणि मागून पाठ धरणारी माय या दोन गोष्टी आधुनिक खोलीत बसवता येतात. त्यासाठी लागते ती फक्त जागा.

प्रत्येक एलडीआरमध्ये भिंतीला दोन उंचींवर स्टीलचे दांडे धरले. छतात हूक, त्यातून कापडी पट्टा. खाटेच्या डोक्याकडे पाठ धरणारीला उभं राहता येईल इतकं अंतर.

१६ एप्रिल २०२४

पाडवा होऊन आठवडा झाला. ऊसतोडीला गेलेली माणसं परतलीत. एका वस्तीवर बायांशी बोलायला बसले होते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळं पोट वाढलेलं असलं तरी फडातून सुट्टी नाही. एका बाईचं लेकरू कारखान्याच्या तळावर, कोपीत म्हणजे झोपडीतच झालेलं. दुसरी सातव्या महिन्यात गेली आणि नवव्यात परत आली. मधल्या काळात एकदाही तपासणी नाही, कागद पावसात भिजलेले.

आराखड्यात याचा अर्थ असा: पहाटे दारात उतरणाऱ्या बाईबद्दल काहीच माहिती नसेल असं धरून चालायचं. रक्त किती आहे, बीपी किती आहे, बाळ आडवं आहे का, काही ठाऊक नाही. म्हणून प्रवेशदारातून आत आल्यावर नोंदणीच्या खिडकीआधी तपासणीची खोली. तिथं दोन खाटा, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, बाळाचे ठोके. केसपेपर नंतर, सोबतच्या माणसानं काढायचा. या खोलीतून एक दार एलडीआरकडं, दुसरं थेट थिएटरकडं.

११ मे २०२४

पारा ४२च्या वर. साइटवर दुपारी उभं राहवत नव्हतं. पश्चिमेच्या बाजूला कुठलीही खाट ठेवणार नाही हे आज पक्कं केलं. त्या बाजूला भांडार, लिनन, पंपाची खोली, आणि पुढं दुहेरी भिंत, मध्ये हवेची पोकळी. वॉर्डाच्या खिडक्या उत्तरेला. छतावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर. वॉर्डात एसी घालून वीजबिलानं संस्था वाकवायची नाही.

नातेवाइकांसाठी लिंबाखाली पत्र्याची शेड. एका बाळंतिणीसोबत चार माणसं येतात, भाकरीचा डबा येतो, मुक्काम पडतो. त्यांना जागा दिली नाही तर ती जिन्यात आणि दारात बसतात, आणि मग चौकीदार त्यांना हाकलतो. शेडमध्ये पाणी, दोन शौचालयं, मोबाइल चार्जिंग.

२५ जुलै २०२४

या प्रकल्पातला सर्वांत कामाचा दिवस. चातुर्मास लागलाय, लग्नं नाहीत, त्यामुळं मंगल कार्यालयाचा हॉल रिकामा मिळाला. फरशीवर खडूनं आणि चिकटपट्टीनं दोन एलडीआर, मधला सिस्टरचा कट्टा आणि थिएटरपर्यंतचा पॅसेज खऱ्या मापात आखला. जुन्या विभागातली एक खाट, बाळाला ऊब देणारा एक वॉर्मर, एक ट्रॉली टेम्पोतून आणली. भिंतींच्या जागी लग्नाच्या खुर्च्या. मेट्रनबाई, सहा सिस्टर, दोन मावशी, डॉक्टर मॅडम आणि बालरोगतज्ज्ञ सर आले. एक सिस्टर बाळंतीण झाली.

पहिला प्रसंग: बाळ झालं, वार पडली, रक्त थांबेना. खोलीत एकच सिस्टर. तिनं काय करायचं? पोटावरून गर्भाशय चोळायचं, मदतीला हाक मारायची, औषध काढायचं, सलाइन लावायचं. आमच्या नकाशात औषधांची ट्रॉली सिस्टरच्या कट्ट्याजवळ होती. ती ट्रॉलीकडे वळली की बाईवरचा हात सुटत होता. मेट्रनबाई म्हणाल्या, “हात काढला की बाई गेली, मॅडम. पेटी इथं पाहिजे.” आणि खाटेच्या उजव्या बाजूची भिंत दाखवली. तिथं भिंतीतलं कपाट आलं, खाटेवरून हात पोचेल असं, प्रत्येक खोलीत, त्याच बाजूला, त्याच उंचीवर. अंधारातही हात तिथंच जायला हवा.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाबद्दल २०२३ साली ई-मोटिव्ह नावाचा मोठा अभ्यास आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं त्यात होती. रक्ताचा अंदाज डोळ्यांनी न करता बाईखाली खुणांची पिशवी लावून मोजायचं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की सगळे उपचार एकामागोमाग न करता एकत्र सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव, त्यातून येणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, हे सगळं मिळून मोजलं तर प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं. ‘एकत्र’ हा शब्द माझ्या कामाचा. एकत्र करायचं तर सामान एकत्र, हाताशी हवं.

दुसरा प्रसंग: बाळ रडलं नाही. वॉर्मर भिंतीकडं होता, म्हणजे नाळ लगेच कापून बाळ पळवावं लागत होतं. बालरोगतज्ज्ञ सरांनी वॉर्मर खाटेच्या शेजारी, आईला दिसेल असा ओढला. खाट भिंतीपासून सुटी केली, तिन्ही बाजूंनी माणूस फिरेल अशी. खोली दोन फुटांनी वाढली. ते दोन फूट पॅसेजमधून न घेता भांडारातून घेतले, पॅसेज २.४ मीटरच हवा, त्यातून खाट आणि सोबत पळणारी माणसं एकदम जातात.

तिसरा प्रसंग एका मावशींनी सुचवला, जो कोणाच्या डोक्यात नव्हता. कळा येणारी बाई सारखी संडासला जाते म्हणते, आत जाते, कडी लावते आणि तिथंच चक्कर येऊन पडते. दार आत उघडणारं असेल तर तीच दाराला आडवी, बाहेरच्यांना उघडता येत नाही. सगळ्या शौचालयांची दारं बाहेर उघडणारी, कडी बाहेरूनही फिरवता येणारी, आणि बेलची दोरी जमिनीपर्यंत लोंबणारी. प्रत्येक एलडीआरला स्वतःचं शौचालय, आत धरायला दांडे.

सोबतीण कुठं उभी राहील हेही आज ठरलं: बाईच्या डोक्याशी, डाव्या बाजूला. तिच्यासाठी पाठ नसलेलं एक स्टूल. डॉक्टरांची वाट तिच्या वाटेत येत नाही. नवऱ्यालाही येता यावं म्हणून प्रत्येक एलडीआर चार भिंतींची खोली, नुसता पडदा नको. पडद्यामागं दुसरी बाई असते तेव्हा पुरुष आत घेताच येत नाही. सिस्टरच्या कट्ट्याकडं दारात उभी काच, आतून पडदा, जो सिस्टर बाजूला करू शकते.

१९ सप्टेंबर २०२४

त्या सहा खाटांवरचा वाद संपला. नेहमीची पद्धत अशी की आजारी बाळ काचेआड आणि आई वॉर्डात. तीन तासांनी येऊन दूध काढून द्यायचं. बालरोगतज्ज्ञ सरांना प्रत्येक बाळाच्या वॉर्मरशेजारी आईची खाट हवी होती. विश्वस्तांना जागा जास्त लागते ही अडचण.

सरांनी थोडक्यात सांगितलं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून कमी दिवसांची बाळं आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात झाली. तीच कांगारू पद्धत. आधी समज असा होता की बाळ स्थिर झाल्यावरच ती सुरू करावी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवून पाहिलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी आईला बाळांच्या कक्षातच खाट द्यावी लागली होती. म्हणजे इथं खाटच औषध आहे. सहा खाटा मंजूर. पाठीकडून उचलता येणाऱ्या, कारण छातीवर बाळ घेऊन आई तासन् तास अर्धवट बसलेली असते.

याच कक्षाची आगीची तयारी सगळ्यांत कडक. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ला मध्यरात्रीनंतर नवजात कक्षाला लागलेल्या आगीत १० बाळं गेली. असा कक्ष काढायला घेतला की ती रात्र आठवल्याशिवाय रेघ मारता येत नाही. दोन विरुद्ध बाजूंना दारं, धुराचे सेन्सर, प्रत्येक वॉर्मरला स्वतंत्र सर्किट, एक्स्टेंशन बोर्डाला पूर्ण बंदी म्हणून दर खाटेला गरजेपेक्षा जास्त सॉकेट, ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह कक्षाबाहेर. आणि आया तिथंच राहणार असल्यानं रात्रीही प्रत्येक बाळाजवळ एक जागं माणूस.

१२ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली, गावं ओस पडायला लागली. ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर कारखान्यांकडं निघालेत. पायाची खोदाई सुरू. आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर लातूरचे. ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट त्यांनी लहानपणी पाहिलीय. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याची ओझी माणसांवर आली. कॉलम-बीमच्या जोडांत सळयांभोवतीच्या लोखंडी कड्या किती जवळ घ्यायच्या यावर ते मिस्त्रींना दोन तास शिकवत होते. शिवाय कपाटं, वॉर्मरची रॅक, ऑक्सिजनची नळकांडी सगळं भिंतीला जखडायचं.

पाणी: प्रमाण दर खाटेला दिवसाला ३४० लिटर. ४० खाटांना १३,६०० लिटर. तीन दिवसांचा साठा धरून ४१,००० लिटरची जमिनीखालची टाकी, दोन कप्प्यांत, म्हणजे एक धुताना दुसरा चालू. ज्या मुलखात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तिथं प्रसूतीकक्षातला नळ कोरडा पडणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. छताचं पाणी गाळून वेगळ्या टाकीत. १,००० चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर.

३० डिसेंबर २०२४

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. साइट बंद, सगळे शेतात. मिस्त्रींच्या रानात भज्जी आणि आंबील.

१४ मार्च २०२५

स्लॅब ओतून झाला. पाणी मारायला टँकर. बाकी ठीक.

२३ जून २०२५

थिएटरच्या तापमानाचा तिढा. शस्त्रक्रियेच्या खोलीचा निकष २१ अंशांच्या आसपासचा, तासाला २० वेळा हवा बदलायची. आणि नुकत्याच जन्मलेल्या ओल्या बाळाला खोली किमान २५ अंश हवी. सर्जन गाऊनमध्ये घामाघूम होतात म्हणून एसी खाली नेतात, आणि बाळ गार पडतं. बाळ गार पडलं की साखर घसरते, श्वास बिघडतो.

एसीच्या इंजिनिअरांसोबत दिवसभर बसून मार्ग काढला. थिएटरच्या वरच्या मर्यादेला, २४ अंशांवर, यंत्रणा बांधून ठेवायची. रिमोट कोणाच्या हातात नाही. थिएटरलाच जोडून, सरकत्या काचेच्या दारानं वेगळा, नवजात बाळाचा कोनाडा, त्याची हवा वेगळी, २६ ते २८ अंश. आईचं डोकं ज्या बाजूला, काच त्याच बाजूला, म्हणजे टाके पडत असताना तिला बाळ दिसतं. बाळ ठीक असेल तर कोनाड्यात न नेता, पुसून कोरडं करून, तिथंच आईच्या छातीवर.

८ जुलै २०२५

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बाळ होताच एका मिनिटात १० युनिट द्यायचं हे इंजेक्शन उन्हाळ्यात टेबलावर पडून राहिलं तर त्याची ताकद जाते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. सिस्टरच्या कट्ट्याखाली छोटा फ्रीज, यूपीएसवर, वर तापमानाचा आकडा दिसणारा. वायरमननं तो सॉकेट लाल रंगाचा बसवला, बाकी कशालाही वापरू नये म्हणून.

४ सप्टेंबर २०२५

सोनोग्राफीची खोली. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या १,००० मुलांमागं ८०७ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा १९९४चा. या खोलीचं दार मागच्या बाजूला न देता मुख्य प्रतीक्षागृहात, सगळ्यांसमोर उघडतं. फलक दारावर, बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला.

घाण सामानाची वाट पुरी झाली. वार पिवळ्या पिशवीत, २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणं, मागच्या दारानं. एका आजीनं विचारलं, वार आम्हाला पुरायला देणार का. नियमात बसत नाही हे मेट्रनबाईंनी तिला हात धरून नीट समजावलं. न्हाणीघराबद्दलची दुसरी मागणी मात्र पूर्ण करता आली: बाळंतिणीला कढत पाणी. छतावर सोलर, वॉर्डात दोन न्हाणीघरं, बसायला दगडी चौरंग. शेगडीची धुरी बंद. ऑक्सिजन आणि निखारा एका छताखाली नको, आणि धूर बाळाच्या छातीला वाईट.

१८ नोव्हेंबर २०२५

तालीम. खऱ्या खोल्यांत, मंगल कार्यालयातले तिन्ही प्रसंग पुन्हा. रक्तस्रावाच्या प्रसंगात सिस्टरचा हात बाईवरून एकदाही निघाला नाही. शौचालयाचं दार बाहेरून नाण्यानं उघडलं. तपासणीच्या खोलीतून थिएटरपर्यंत खाट कुठंही न वळवता गेली.

एक गोष्ट निघाली: छतातल्या पट्ट्याचा हूक खाटेच्या नेमका वर आहे, तो खाटेच्या बाजूला हवा. बाई खाटेवरून उतरूनच तो धरणार. सहाही खोल्यांत बदलतोय.

१० डिसेंबर २०२५

विभाग सुरू होऊन तिसरा आठवडा. काल रात्री पाच खाटा एकदम भरल्या होत्या. एका बाईनं पट्टा धरून, उकिडवं बसून बाळंत व्हायचं ठरवलं. मागून तिच्या आईनं पाठ धरली. सिस्टरांना खाली वाकून बाळ झेलावं लागलं, त्यांच्यासाठी कमी उंचीचं चाकाचं स्टूल मागवलंय.

बाकी दुरुस्त्या: सातव्या खोलीच्या बाहेरच्या दाराचा उतार फार उभा झालाय, व्हीलचेअर अडते, १:१२ करून घ्यायचा, म्हणजे एक फूट चढाला बारा फूट लांबी. बाळांच्या कक्षात आयांना उशाशी पाणी आणि मोबाइल ठेवायला जागा नाही, खाटेला कडेचा ट्रे लावायचा. शेडमध्ये अजून दोन बाक हवेत. सोलरचं पाणी शेवटच्या न्हाणीघरापर्यंत कोमट होऊन पोचतं. सोमवारी पाइपला इन्सुलेशन.